पिल्लू घरी आणण्यापूर्वी: पहिल्या दीड वर्षाची तयारी

कुत्र्याचे पिल्लू ८ आठवड्यांचे होण्यापूर्वी त्याला आईपासून वेगळे करू नये, कारण चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. त्यामुळे सर्वांत आधी ठरवायची ती त्याला आणण्याची तारीख. त्याआधीच पशुवैद्य निश्चित करून लसींचे आणि जंतांच्या औषधाचे वेळापत्रक लिहून घ्यावे. लसीकरण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन निदान १६ आठवड्यांपर्यंत चालते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रोगांपासून बचाव करणारी रक्तातील प्रथिने) लसीचा परिणाम रोखू शकतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते, म्हणून मधला एकही डोस चुकवू नये.

सर्वाधिक काळजी मात्र मनाच्या तयारीची घ्यावी. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लू जग ओळखून घेते, आणि नेमक्या याच काळात लसीकरण अपुरे असल्यामुळे अनेक जण त्याला घरात कोंडून ठेवतात, हे फार नुकसानीचे आहे. त्याला कडेवर घेऊन बाहेर न्यावे, वाहनांचे आवाज ऐकवावेत, लहान मुले, म्हातारी माणसे, उघडलेली छत्री दुरून दाखवावी आणि ते घाबरले तर अंतर वाढवावे. रोज त्याचा पंजा हातात घेऊन एकेक बोट हलकेच दाबावे, कान उलटून पाहावा, ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. पुढे नखे कापताना याचाच उपयोग होतो.

चौथ्या महिन्याच्या सुमारास २८ दुधाचे दात पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. तोपर्यंत विजेच्या तारा उचलून ठेवाव्यात आणि चघळण्याच्या वस्तू आणाव्यात. नखाने दाबूनही जिच्यावर खूण उमटत नाही, अशी वस्तू देऊ नये.

मोठ्या जातीच्या पिल्लाला वेगळे कॅल्शियम स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण त्याने सांध्यांची आणि हाडांची वाढ बिघडते. हाडांच्या टोकांची वाढ लहान जातींत वर्षाच्या आत, तर मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत चालते. तोवर उंचावरून उड्या आणि लांब पल्ल्याची धाव टाळावी.

सहा महिन्यांनंतर शिकलेले विसरल्यासारखे वागणे सुरू होईल. हा वयाचा भाग आहे, शिक्षा करू नये. लांब दोरी वापरून हाकेला येण्याचा सराव पुन्हा पहिल्यापासून घ्यावा. मादी बहुधा ६ ते १२ महिन्यांत प्रथम माजावर येते, म्हणून नसबंदीविषयी पशुवैद्याशी त्याआधीच बोलून घ्यावे.