पोल नव्हे, पाय चुकत होता

आमचा एक पोरगा पोल व्हॉल्टमध्ये, म्हणजे बांबूच्या उडीत, 3.20 मीटरवर दोन महिने अडकला होता. "सर, पोल मागं ढकलतोय बघा," एवढंच म्हणायचा. मी कडक पोल दिला. आणखी बिघडलं. कोल्हापूरकराला वाटतं, जोर लावला की सगळं होतं, मीही त्यातलाच.

शेवटी मोबाइलवर बाजूनं स्लो मोशन घेतलं. उडी मारताना डावा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली पडायला हवा. याचा चांगला वीतभर पुढं, बॉक्सकडं, म्हणजे पोल टेकवायच्या खाचेकडं पडत होता. म्हणजे पोल टेकताच खांद्याला हिसका आणि वेग गेला. वेग म्हणजेच उंची: सेकंदाला 8 मीटरचे साडेसात झाले, तरी नुसत्या हिशोबानं सुमारे 40 सेंटीमीटर जातात!

धाव सुरू करायची खूण मागं सरकवली, तर हा शेवटची पावलं आणखी लांब टाकू लागला. खरी चूक हातांची होती. पोल उशिरा वर जात होता. मग सहा पावलांची धाव, पकड 15 सेंटीमीटर खाली, आणि शेवटच्या तीन पावलांत हात वर. पायाच्या जागी चुन्याची रेघ. वरचा आडवा बार काढूनच टाकला. पकड खाली आली की पोल सरळ उभा राहायला सोपा जातो.

तीन आठवडे गेले. पोरगं वैतागलं, घरी म्हणे मिसळसुद्धा गोड लागेना. मग पूर्ण धावेनं पहिल्याच सकाळी 3.30 पार. कडक पोल अजून भिंतीला टेकून आहे.