टेक क्षेत्रात शिरायचंय? जुनं काम सोबत घेऊन या

मी नऊ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. आता एका डेटा टीममध्ये आहे, नवीन माणसं घेताना मुलाखतीला बसते आणि दुसऱ्या क्षेत्रातून इकडे येऊ पाहणाऱ्यांना शिकवते. शिक्षक, नर्स, अकाउंटंट, गोदाम सांभाळणारे असे बरेच जण झाले. ‘तीन महिन्यांत डेव्हलपर व्हा’ या सल्ल्यावर विसंबून चांगली चालू नोकरी सोडलेली माणसंही माझ्यासमोर येऊन बसली आहेत. त्यांच्यामुळेच हे लिहिते आहे. लॅपटॉप, इंटरनेट आणि रोजचा तास-दीड तास तुमच्याकडे आहे असं धरते.

१. नोकरी सोडू नका

नवीन ऑफर लेखी हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. चौथ्या पायरीला लागणारी सगळी सामग्री तुमच्या आत्ताच्या नोकरीतच आहे.

२. आधी काम ठरवा, भाषा नंतर

‘पायथन शिकू की जावास्क्रिप्ट?’ हा प्रश्न लोक महिनोन्महिने घोळवत बसतात. दिवसभर काय करायला आवडेल ते आधी ठरवा. आकडे जुळवण्यात रमत असाल तर डेटा ॲनालिस्ट व्हा. त्याला आधी एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते काढून आणायची भाषा) आणि मग पायथन लागतं. दुसऱ्यांच्या चुका चटकन दिसत असतील तर टेस्टिंगकडे जा. समोरच्याची अडचण शांतपणे ऐकून घेता येत असेल तर टेक्निकल सपोर्ट. पडद्यावर दिसेल असं काही घडवायचं असेल तर एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. सपोर्ट आणि टेस्टिंगला दुय्यम समजणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. उत्पादन कुठे मोडतं आणि ग्राहक कशाला वैतागतात, हे त्या दोन टेबलांवर बसणाऱ्यांना सगळ्यात आधी कळतं.

शिकेपर्यंत भाषा जुनी होईल ही भीती तर सोडूनच द्या. एसक्यूएल ज्या कल्पनेवर उभी आहे ती संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, आणि पायथन १९९१ पासून लोकांच्या हातात आहे. दोन्ही आजही रोजच्या वापरात आहेत.

३. एक कोर्स, शेवटपर्यंत

फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइट किंवा हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा ऑनलाइन कोर्स. दोन्ही फुकट शिकता येतात. एक निवडा आणि संपवा. कर्ज काढून बूटकॅम्प (थोड्या महिन्यांत तयार करून देऊ म्हणणारा पैसे भरून करायचा कोर्स) करू नका.

४. स्वतःचं एक खरं काम बांधा

इथे बहुतेक सगळे अडकतात. मी आठ महिने अडकले होते.

व्हिडिओ बघत बघत मी कामांची यादी ठेवणारं ॲप केलं, हवामान दाखवणारं पान केलं. सगळं चालायचं. मग एका रविवारी व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली आणि तासभर काहीच सुचलं नाही. आपल्याला हे जमणार नाही असं वाटलं, म्हणून मी आणखी एक कोर्स सुरू केला. ती चूक होती, आणि मी ती तीनदा केली. व्हिडिओत सगळे निर्णय शिकवणाऱ्याने आधीच घेऊन ठेवलेले असतात: कुठली माहिती साठवायची, तिला नाव काय द्यायचं, चुकीची नोंद आली तर काय करायचं. आपण फक्त टाइप करतो. प्रोग्रामिंगचा अवघड भाग त्या निर्णयांमध्ये आहे, आणि दहा कोर्स केले तरी त्याचा सराव होत नाही.

मला बाहेर काढलं ते लॅबच्या रिएजंटच्या, म्हणजे तपासणीत लागणाऱ्या रसायनांच्या, नोंदवहीने. नवीन आलेले किट फ्रिजमध्ये पुढे ठेवले जायचे, तेच आधी वापरले जायचे आणि मागचे मुदत संपून फेकावे लागायचे. मला एकच यादी हवी होती: येत्या तीस दिवसांत कशाची मुदत संपते आहे. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं, सात आठवडे लागले.

पहिले दोन आठवडे तारखांनी खाल्ले. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? लिहिणाऱ्यागणिक उत्तर वेगळं. शून्याने सुरू होणारे लॉट नंबर (मालाच्या खेपेचे क्रमांक) स्प्रेडशीटमध्ये उघडले की पुढचं शून्य गायब व्हायचं. सोळा आकडी बारकोडचा शेवटचा आकडा आपोआप शून्य व्हायचा, कारण एक्सेल संख्येचे पंधराच सार्थ अंक जपतं. माझंच काहीतरी चुकतंय असं मी धरून चालले होते. मग वाचनात आलं की ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकायचं, आणि त्यापायी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली. संशोधकांनाही हेच भोगावं लागलं होतं हे कळल्यावर मी स्वतःला दोष देणं थांबवलं आणि असे सगळे रकाने मजकूर म्हणून आयात करायला शिकले.

खरा धडा पुढे होता. मुदत म्हणजे नक्की कुठली? बाटलीवर छापलेली तारीख न उघडलेल्या बाटलीची असते. एकदा उघडली की ती त्याच्या कितीतरी आधी निकामी होऊ शकते. म्हणून मी उघडल्याच्या तारखेचा रकाना घेतला आणि त्यावर अट लावली. यादी आली, छान दिसत होती. फ्रिज उघडून हाताने पडताळली तर अकरा बाटल्या यादीत नव्हत्या. न उघडलेल्या बाटल्यांचा तो रकाना रिकामा, म्हणजे नल होता. एसक्यूएलमध्ये नलची कशाशीही तुलना केली की उत्तर ना खरं येतं ना खोटं, आणि अशा ओळी गुपचूप गळतात. एररही येत नाही. ही चूक मला सापडली कारण फ्रिजमध्ये काय असतं ते मला ठाऊक होतं. तुमच्या क्षेत्रातलं हे ज्ञान नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाकडे नसतं. तेच घेऊन या.

तुमचं कसं करायचं ते सांगते. कामावर दर आठवड्याला कानावर येणारी एक तक्रार निवडा आणि ती एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘आणि’ आला तर तक्रार मोठी आहे, अर्धी करा. शिक्षक असाल तर सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्यांची यादी पुरे. अकाउंटंट असाल तर दोनदा नोंदलेली बिलं शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. कामावरचा खरा डेटा वापरायचा नाही. ग्राहकांचा नाही, रुग्णांचा नाही, विद्यार्थ्यांचा नाही. मी शिकवत असलेल्या एकाने ग्राहकांची खरी यादी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, चढवली. चूक लक्षात आल्यावर फाइल काढून टाकली आणि प्रश्न मिटला असं समजला. मिटत नाही. जुनं सगळं जपून ठेवणं हेच गिटहबमागच्या गिट या साधनाचं काम आहे. काढलेली फाइल आधीच्या कमिटमध्ये, म्हणजे जपलेल्या आवृत्तीत, तशीच राहते. पासवर्डचंही तेच. चुकून चढलाच तर तो बदलावाच लागतो. म्हणून दोनशे काल्पनिक ओळी स्वतः तयार करा आणि त्यात खऱ्या कामात होतात त्या सगळ्या चुका मुद्दाम घाला: रिकामे रकाने, उलट्या तारखा, एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं.

अडलात तर आधी अर्धा तास स्वतः झटा. पायथनचा एरर शेवटच्या ओळीपासून वाचायला लागा, काय बिघडलं ते तिथे लिहिलेलं असतं. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल माझं मत ठाम आहे: या पहिल्या कामात त्यांच्याकडून समजावून घ्या, लिहून घेऊ नका. जी ओळ स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही ती काढून टाका. मुलाखतीत मी नेमकं एका ओळीवर बोट ठेवून ‘हे असं का?’ विचारते, आणि तिथे पाठांतर लगेच उघडं पडतं.

झालं की ते वापरणाऱ्या माणसाला दाखवा. मी महिनाभर रंगीत डॅशबोर्ड सजवला होता. आमच्या लॅबमधल्या मावशींनी तो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, ‘ताई, याची प्रिंट निघते का? फ्रिजवर चिकटवते.’ शेवटी तीच प्रिंट वापरात राहिली, डॅशबोर्ड कुणी उघडला नाही.

मग रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल, लिहा: अडचण कुणाची होती, तुम्ही कुठले निर्णय घेतले आणि का, अजून काय चुकतं. ‘अजून काय चुकतं’ हा भाग मी उमेदवाराच्या रीडमीत सगळ्यात आधी शोधते. व्हिडिओ बघून केलेले बाकीचे प्रोजेक्ट खुशाल काढून टाका. असं एक पुरतं.

५. रेझ्युमे

एक पान. जुनं काम लपवू नका, फुगवूही नका. मी आधी ‘नमुन्यांची तपासणी केली’ एवढंच लिहिलं होतं. नंतर असं केलं: ‘रोज सकाळी कंट्रोल सॅम्पल चालवून, लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर मशीन भरकटत असल्याचं ओळखून, रिपोर्ट बाहेर जाण्याआधी ते थांबवलं.’ कंट्रोल सॅम्पल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं तो नमुना, आणि त्याचे रोजचे निकाल या आलेखावर मांडतात. डेटाच्या माणसाला हे वाक्य लगेच कळतं.

६. अर्ज

पहिला अर्ज तुम्ही आहात त्याच संस्थेत करा. तिथे कुठलीतरी सॉफ्टवेअर यंत्रणा असतेच आणि ती सांभाळणाऱ्यांना तुमचं काम समजून सांगणारं कुणीतरी हवं असतं. त्यानंतर तुमच्या जुन्या क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या. अनोळखी जाहिरातींना सरसकट अर्ज करणं सगळ्यात शेवटी.

७. मुलाखत

‘क्षेत्र का बदलताय?’ हे विचारतीलच. जुन्या साहेबाबद्दल एक शब्दही वाईट बोलू नका. तुमचा प्रोजेक्ट उघडा आणि त्यातली सगळ्यात वाईट चूक कशी सापडली ते सांगा. मला ज्या मुलाखतीतून नोकरी मिळाली, तिथे बराच वेळ त्या अकरा बाटल्यांवरच बोलणं चाललं होतं.