उन्हाळ्यातील रविवारची सायकल राईड : गटाने हमखास होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय

मराठवाड्यात सायकल चालवणाऱ्या मित्रमंडळींचा उन्हाळ्यातला रविवार बिघडतो, तेव्हा त्याला ऊन जितके कारणीभूत असते, त्याहून अधिक गटाने मिळून घेतलेले निर्णय कारणीभूत असतात, असे माझे अनेक उन्हाळ्यांच्या अनुभवानंतरचे मत आहे. एकटा माणूस उशीर झाला तर अर्ध्या वाटेतून परततो, दमला तर थांबतो, आणि अंगात कसर असेल तर निघतच नाही. तोच माणूस आठ-दहा मित्रांसोबत असला की सगळ्यांचा विरस नको म्हणून गप्प बसतो. पुढे ज्या चुकांविषयी लिहिले आहे, त्यांतील बहुतेक या गप्प बसण्यातून घडतात.

एका मे महिन्यात आम्ही नऊ जण छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालो होतो. पहाटे पाचची वेळ ठरली होती, परंतु एकाच्या चाकात हवा नव्हती, दुसऱ्याला जाग उशिरा आली आणि प्रत्यक्षात निघायला सव्वासहा वाजले. दौलताबादला चहा झाला, घाट चढून खुलताबादला फोटो झाले आणि वेरूळला पोहोचेपर्यंत साडेआठ वाजून गेले. पोहे, भजी आणि गप्पा यांत आणखी तासभर गेला. परतीच्या वाटेवर आमच्यातला एक मित्र मागे पडत गेला. तो नेहमीच शांत असल्याने कोणाला त्यात वेगळे काही वाटले नाही. कागजीपुऱ्याच्या जवळ तो सायकल टाकून निंबाच्या झाडाखाली बसला, आणि पाणी देऊ लागलो तेव्हा त्याने आम्हाला विचारले की आपण वेरूळला कधी पोहोचणार. त्या प्रश्नाने आम्ही सगळे हादरलो. तो त्या दिवशी सावरला, परंतु तेथवर येण्याआधीच्या सुमारे चार तासांत आम्ही किमान पाच चुका केल्या होत्या.

पहिली चूक म्हणजे निघण्याची वेळ ठरवणे आणि परतण्याची वेळ मोकळी सोडणे. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य साधारण पावणेसहाच्या सुमारास उगवतो, नऊनंतर ऊन चटके देऊ लागते आणि दहाच्या पुढे तापलेल्या डांबराची धग खालून अंगावर येते. हवामान खाते सांगते ते तापमान सावलीतल्या हवेचे असते. भर उन्हातला रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. म्हणून गटाने आधी घरी पोहोचण्याची वेळ पक्की करावी आणि तेथून उलटा हिशेब मांडावा. वेरूळला जाऊन येणे सुमारे ६० किलोमीटरचे आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने केवळ चालवण्याचे तीन तास होतात, थांबण्यासाठी पाऊण तास धरला, तर साडेआठला घरी यायचे असल्यास पहाटे पावणेपाचला, पुढचे-मागचे दिवे लावून, चाक हलले पाहिजे. निघायला तासभर उशीर झाला तर पल्ला छोटा करावा. वेरूळऐवजी दौलताबादहून परत फिरणे यात कमीपणा नाही. हा निर्णय आदल्या रात्रीच सांगून ठेवला, तर सकाळी वाद होत नाही. उशिरा येणाऱ्यासाठी दहा मिनिटांपलीकडे थांबू नये, हा नियम कठोर वाटला तरी तो उरलेल्या सगळ्यांच्या जिवाच्या काळजीपोटी आहे. हनुमान जयंतीला भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी शहरातून खुलताबादला पायी जाणारे भाविक रात्रीच वाट धरतात, त्यांच्याकडून हे शिकण्यासारखे आहे. मात्र त्या रात्री आणि पहाटे हा रस्ता माणसांनी भरलेला असतो, म्हणून तेव्हा सायकलसाठी दुसरी वाट धरावी.

दुसरी चूक मार्ग निवडताना होते. अंतर पाहिले जाते, पण चढ आणि वारा परतीच्या वेळी कोठे भेटतील याचा विचार होत नाही. वेरूळची लेणी डोंगराच्या उताराशी आहेत आणि खुलताबाद माथ्यावर आहे, त्यामुळे जड न्याहारी करून उन्हात निघालेल्या माणसाला परतीला सुरुवातीलाच चढ लागतो. चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो, अंगाला वारा लागत नाही आणि मेहनत मात्र सर्वाधिक असते. सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो आणि बाकीची सगळी उष्णता होऊन शरीरातच राहते. ती बाहेर काढण्याचे काम घाम आणि वारा करतात, आणि चढावर वारा नसतोच. वाऱ्याचेही असेच आहे. उन्हाळ्यात दिवस चढू लागला की आपल्याकडे बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वारा सुटतो. जालन्याच्या रस्त्याला सकाळी भरभर अंतर कापलेला गट परतताना तोंडावर गरम वारा घेत रखडतो. उलट वेरूळहून येताना वारा पाठीशी असतो, आणि ते सोयीचे असले तरी त्यात एक फसवणूक आहे: वाऱ्याचा आणि सायकलचा वेग सारखा झाला की अंगावरून हवा वाहणेच थांबते आणि पाय हलके चालत असतानाही शरीर तापत जाते. अशा वेळी वेग वाढवण्याचा मोह टाळून बाह्या, मान आणि डोके ओले ठेवावे. म्हैसमाळचा चढ तर एप्रिल-मे महिन्यांत नवख्यांना घेऊन करूच नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

पाण्याविषयीच्या चुका मात्र सर्वांत अधिक होतात, आणि त्यांचे मूळ आपल्या हवेत आहे. कोकणात किंवा मुंबईत घाम अंगावरून ओघळतो, म्हणून तो दिसतो. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो त्वचेवर येताच उडून जातो आणि माणूस म्हणतो, "मला घामच आला नाही." टी-शर्टवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर उमटलेले मिठाचे पांढरे डाग खरी गोष्ट सांगत असतात. उन्हात मेहनतीने सायकल चालवणाऱ्याचा ताशी एक ते दीड लिटर घाम सहज जाऊ शकतो. आपला आकडा जाणून घेण्यासाठी निघण्याआधी आणि परतल्यावर, घाम पुसून, वजन करावे. एक किलो वजन घटले तर प्यायलेल्या पाण्याव्यतिरिक्त सुमारे एक लिटर पाणी कमी पडले असे समजावे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घट होत असेल, तर पुढच्या वेळी बाटल्या वाढवाव्यात. दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार मोठे घोट घेणे, हे तासाभराने एकदम अर्धी बाटली रिचवण्यापेक्षा चांगले, कारण पोट एका वेळी मर्यादित पाणीच पुढे सोडते.

याच्या उलट चूकही होते. "पाणी प्या, पाणी प्या" हे ऐकून काही जण नुसते साधे पाणी भरपूर पितात, आणि घामातून गेलेले मीठ भरून न निघाल्याने रक्तातील सोडियम घटते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजल्यासारखी होणे आणि भोवंडल्यासारखे वाटणे ही लक्षणे भरपूर पाणी प्यायलेल्या माणसात दिसली, तर त्याला आणखी साधे पाणी पाजू नये. त्याला दवाखान्यात न्यावे. दोनपैकी एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचे पाणी ठेवावे. ओआरएसचे नेहमीचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ते ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ओतले की द्रावण अकारण तीव्र होते. छोटी पाकिटेही मिळतात, म्हणून वर छापलेले प्रमाण वाचावे. ओआरएससारख्या नावांची गोड, तयार पेये ही त्याची जागा घेत नाहीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत आणि कैरीचे पन्हे ही आपली पेये या कामासाठी उत्तम आहेत. रसवंतीवरचा उसाचा रस घ्यावा, पण त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून, शक्यतो बर्फाविना, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मीठ-साखरेचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हे विचारणे टाळूच नये.

आदल्या दिवशीच्या चुकाही रस्त्यावर उघड होतात. शनिवारी रात्री जागरण, मद्यपान, किंवा त्या आठवड्यात ताप-जुलाब झालेले असताना "आता बरं वाटतंय" म्हणून निघणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर त्या रविवारी घरी राहावे. अंगदुखी होऊ नये म्हणून निघण्यापूर्वीच वेदनाशामक गोळी घेण्याची सवय काहींना आहे. पाणी कमी पडलेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात आणि या काळात घाम लवकर सुटू लागतो व त्यातून मीठ कमी जाते. दोन महिने सायकलला हात न लावलेल्या मित्राला एकदम मे महिन्यातल्या लांब राईडला बोलावणे, ही प्रेमापोटी केलेली पण मोठी चूक आहे.

आता गटाच्या चालीविषयी. सर्वांत तगड्या सायकलस्वाराने पुढे निघून जायचे आणि मागच्यांनी त्याला गाठायचे, ही पद्धत उन्हाळ्यात धोक्याची ठरते. थोडे पुढे जाऊन सावलीत थांबलेले लोक विश्रांती घेतात. शेवटचा माणूस तेथे पोहोचताच "चला, निघू या" होते आणि ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून थांबण्याची वेळ शेवटचा माणूस टेकल्यापासून मोजावी. गटातला अनुभवी आणि दमदार माणूस सर्वांत मागे ठेवावा; त्याच्याकडे जादा पाणी, ट्यूब, पंप आणि ओआरएसची पाकिटे असावीत, आणि कोणालाही मागे टाकून त्याने पुढे जाऊ नये. दर थांब्यावर त्याने प्रत्येकाला एखादा साधा पण उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न विचारावा: किती पाणी उरले, शेवटची लघवी कधी झाली. "बरा आहेस ना?" या प्रश्नाला आपल्याकडे नेहमी "हो"च उत्तर मिळते. हृदयगती दाखवणारे घड्याळ असेल, तर नेहमीच्या वेगाला ठोके मिनिटाला दहा-पंधराने अधिक दिसू लागताच वेग कमी करावा. आमच्या मित्राच्या घड्याळात त्या दिवशी हे सगळे नोंदलेले होते. ते आम्ही संध्याकाळी पाहिले.

कपडे आणि यंत्र यांविषयी थोडक्यात पुरे. पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा, सैल विणीचा कपडा उघड्या हातांपेक्षा थंड राहतो. हेल्मेटखाली जाड रुमाल कोंबण्याऐवजी ओली दस्ती मानेभोवती बांधावी. "उन्हाने ट्यूब फुटेल" म्हणून हवा फार कमी ठेवणे ही जुनी समजूत आहे: २५ अंशांना ८० पीएसआय भरलेले चाक ६० अंशांपर्यंत तापले तरी दाब साधारण ९० च्या आसपास जातो, आणि टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून भरले असेल तर ते चालते, उलट कमी हवेमुळे खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटते. पंक्चरचे खरे कारण बहुतेक वेळा कडेचे सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे असतात, म्हणून ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून हलक्या हाताने बोट फिरवून काटा शोधावा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. हे काम सावलीत करावे. ट्यूबलेस टायरमधले सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकते, ते दोन महिन्यांनी तपासावे. डांबर पाघळलेल्या पट्ट्यावर वळणात ब्रेक दाबू नये. दुपारनंतर ढग दाटून वळीव येण्याची चिन्हे असतील, तर वीजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप पाहावे आणि झाडाखाली उभे राहू नये.

एवढे करूनही कोणी अडखळला, तर काय करावे हे गटातील प्रत्येकाला आधीच ठाऊक असावे. पोटरीत गोळे आले तर थांबून, स्नायू हळूहळू ताणून, मीठ-साखरेचे पाणी द्यावे. चक्कर, मळमळ, थकवा असेल आणि माणूस नीट बोलत असेल, तर त्याला सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. अर्ध्या तासात बरे वाटले तरी त्याने त्या दिवशी पुन्हा सायकल चालवू नये. परंतु बोलणे असंबद्ध होऊ लागले, चाल अडखळू लागली किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. कातडी कोरडी पडल्याशिवाय उष्माघात होत नाही, ही समजूत मेहनत करणाऱ्या माणसाच्या बाबतीत चुकीची आहे, आणि त्या समजुतीपायी मौल्यवान वेळ जातो. एकाने १०८ ला फोन करावा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करणे सुरू करावे: जवळ शेतातली मोटर चालू असेल किंवा हौद असेल तर तेथे नेऊन, डोके धरून ठेवून, पाण्याखाली अंग भिजवावे; नसेल तर सगळ्यांच्या बाटल्या, जवळच्या पाणपोईचे रांजण, जे मिळेल ते अंगावर ओतत वारा घालत राहावे. पहिला अर्धा तास निर्णायक असतो, म्हणून गाडी येईपर्यंत हे थांबवू नये. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, आणि तापाची गोळी देऊ नये, कारण या उष्णतेवर ती काम करत नाही.

आमच्या मित्राला आम्ही शेजारच्या शेतातल्या विहिरीच्या मोटरखाली बसवले. शेतकरी काकांनी काही न विचारता बटण दाबले आणि बाज आणून सावलीत टाकली. वीस मिनिटांनी त्याने स्वतःहून दिवसाचे नाव सांगितले, तरीही त्याला आम्ही सायकलवर बसू न देता गाडीने थेट दवाखान्यात नेले, कारण यकृत आणि मूत्रपिंडावरचा परिणाम एक-दोन दिवसांनी रक्ततपासणीत दिसू शकतो. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत तो सायकलला शिवला नाही. त्यानंतर तो पुन्हा आला, तेव्हा आम्ही दौलताबादपर्यंतच गेलो आणि मागे राहण्याची पाळी माझी होती.