इस्टेट एजन्सी विकायची आहे? किमान दीड वर्ष आधी तयारीला लागा

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात दारामागे किल्ल्यांचा बोर्ड होता. साधा प्लायवूडचा, सात ओळी हूक. बहुतेक किल्ल्यांना दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर माझ्या अक्षरात मालकाचं नाव आणि फ्लॅट नंबर. मालक कुणी न्यू जर्सीला, कुणी सिंगापूरला, तर कुणी इथेच औंधात, पण आता जिना चढवत नाही म्हणून किल्ली आमच्याकडे ठेवलेली. धंदा विकत घ्यायला आलेले पहिले गृहस्थ हिशेबाची फाइल उघडायच्या आधी त्या बोर्डासमोर उभे राहिले आणि एकेका किल्लीला बोट लावत विचारत गेले, "ताई, ही कुणाची? करार कधी संपतोय?" किल्ल्या 63 होत्या. 11 किल्ल्यांचं उत्तर मला देता आलं नाही. बाकीच्यांचं दिलं, पण तोंडी. कागदावर काहीच नव्हतं.

महिन्याभरात तो व्यवहार मोडला. पुढचं दीड वर्ष आम्ही फक्त तयारी केली आणि मग धंदा चांगल्या किमतीला विकला. त्या दीड वर्षात जे केलं, तेच इथे क्रमाने सांगते. पुण्यात 20-25 वर्षं घरांची खरेदी-विक्री आणि भाड्याची कामं करणारी अनेक छोटी ऑफिसं आहेत. मालक साठीला आलेत, मुलं दुसऱ्या क्षेत्रात आहेत. अशी ऑफिसं एक दिवस शटर ओढून बंद होतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. उभ्या केलेल्या कामाला किंमत असते आणि ती मिळवता येते.

आधी जमा वेगवेगळी मांडा

मागच्या तीन वर्षांची सगळी ब्रोकरेज पाच रकान्यांत लिहून काढा: रिसेल (जुन्या घरांची विक्री), नवीन भाडेकरार, करारांचं रिन्यूअल, बिल्डरकडून चॅनल पार्टनर म्हणून (त्याचे नवे फ्लॅट विकून दिल्याबद्दल) आलेलं कमिशन, आणि परदेशातल्या मालकांचे फ्लॅट सांभाळण्याची फी. एकूण आकडा सारखा असला तरी प्रत्येक रकान्याचं वजन वेगळं असतं. समजा, दोन ऑफिसांची वर्षाची जमा 40 लाखच आहे. एकात 30 लाख हिंजवडी-वाकडच्या तीन प्रकल्पांच्या बुकिंगमधून आलेत. दुसऱ्यात 22 लाख भाड्यातून आलेत आणि त्यातले 13 लाख निव्वळ रिन्यूअलचे. धंदा घेणारा दुसऱ्याला जास्त पैसे देईल, कारण प्रकल्प विकून संपतात, पण भाड्याचा फ्लॅट 11 महिन्यांनी पुन्हा आपल्या दारी येतो.

हाती वर्ष-दीड वर्ष असेल, तर या काळात रिन्यूअल आणि देखभालीचा रकाना वाढवण्यावर भर द्या. मोठ्या बुकिंगच्या मागे धावण्याचा मोह होतो, पण त्याने विक्रीची किंमत फारशी हलत नाही.

नफा घेणाऱ्याच्या नजरेने मोजा

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. 40 लाख जमा, 22 लाख खर्च, म्हणजे आपल्या दृष्टीने नफा 18 लाख. पण दुकान तुमच्या मालकीचं आहे आणि त्याचं भाडं तुम्ही हिशेबात धरलेलंच नाही. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत तसा गाळा महिना 45 हजाराने जात असेल, तर वर्षाचे 5.4 लाख वजा करा. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत तुम्ही स्वतः राबता. ते काम करायला 60 हजारांचा मॅनेजर ठेवला तर 7.2 लाख आणखी गेले. उरले 5.4 लाख. घरच्या गाडीचं पेट्रोल आणि मुलाचा फोन धंद्याच्या खर्चात टाकला असेल, तर ते नफ्यात परत धरा, समजा 90 हजार. म्हणजे किमतीची बोलणी 6.3 लाखांवर होणार, 18 लाखांवर नाही. हे गणित समोरच्याने मांडण्याआधी आपणच मांडलेलं असावं.

हिशेब एकमेकांशी जुळले पाहिजेत. आयकर विवरणपत्र, जीएसटीआर-1 आणि 3बी (जीएसटीची विवरणपत्रं), बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म 26एएस (आपल्या नावे कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता) हे चार कागद घेणाऱ्याचा सीए शेजारी शेजारी ठेवतो. बिल्डर ब्रोकरेज देतानाच त्यातून कर, म्हणजे टीडीएस, कापतो (1 ऑक्टोबर 2024 पासून तो 5 टक्क्यांवरून 2 टक्के झाला) आणि ते 26एएसमध्ये उमटतं. तिथे दिसणारी रक्कम तुमच्या बिलांत नसेल, तर पुढचे सगळे प्रश्न संशयाने येतात. रोखीत घेतलेली आणि न दाखवलेली ब्रोकरेज विक्रीच्या वेळी शून्य धरली जाते. आजपासून प्रत्येक पावती बँकेतून घ्या. आणि टोकन म्हणून, म्हणजे सौदा पक्का करताना, आलेले पैसे दुसऱ्याचे असतात, ते चालू खात्यात मिसळले असतील तर वेगळ्या खात्यात काढून प्रत्येकाचं नाव लावा.

भाडेकरारांचं रजिस्टर

धंद्याचा खरा ऐवज हाच आहे. आम्हाला ते करायला चार महिने लागले. प्रत्येक फ्लॅटची एक ओळ: मालक, भाडेकरू, सोसायटी, करार सुरू आणि संपण्याची तारीख, भाडं, डिपॉझिट, वाढ किती टक्के, नोंदणीचा दस्त क्रमांक, पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच, परदेशी मालकाच्या वतीने सही करणाऱ्याचं कुलमुखत्यारपत्र, किल्ली क्रमांक, आणि हा मालक आमच्याकडे किती वर्षं आहे.

यात सर्वात जास्त त्रास नोंदणी न झालेल्या करारांनी दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (आपला नेहमीचा घरभाड्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला, तर लेखी नोंदणीकृत करार नसताना अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, असं समजणारे मालक आजही भेटतात. त्यांना फोन करून पुढचा करार ऑनलाइन नोंदवून घ्या. आमच्याकडे असे 19 निघाले. त्यातले 15 जण तयार झाले, उरलेल्या चौघांची नावं आम्ही विक्रीच्या यादीतून काढली. चार ओळी कमी झाल्या, पण बाकी सगळ्या ओळींवर घेणाऱ्याचा विश्वास बसला.

मालक अनिवासी असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. त्याला दिलेल्या भाड्यावर भाडेकरूने कर कापायचा असतो. भाडं कमी असलं तरी सुटका नाही, आणि दर साधारण 31.2 टक्के पडतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं. धंदा घेणारा जाणता माणूस असेल तर हे नक्की विचारतो.

किल्ल्यांना आम्ही नाव आणि फ्लॅट नंबर काढून नुसते क्रमांक लावले. किल्ली हरवली तरी सापडणाऱ्याला घर कळता कामा नये. 11 बेवारस किल्ल्यांपैकी 6 मालक शोधून परत केल्या. उरलेल्या 5 कुठल्याच कुलपाला लागल्या नाहीत.

तुमच्याशिवाय तीन आठवडे

आईच्या आजारपणात मला 20 दिवस मिरजेला राहावं लागलं. त्या काळात 9 करार रिन्यूअलला आले होते. त्यातले 6 आमच्या हातून गेले. ऑफिसात दोन चांगली मुलं होती, पण मालक माझ्या नंबरवर फोन करत राहिले आणि मी हॉस्पिटलात असल्याने उचलू शकले नाही. त्या दिवशी मला कळलं की धंदा ऑफिसात नव्हताच, तो माझ्या पर्समधल्या मोबाइलमध्ये होता. मोबाइल कुणी विकत घेत नाही.

म्हणून ही चाचणी मुद्दाम करा. तीन आठवडे गावी जा. ऑफिसातून जे जे विचारायला फोन येईल, ते वहीत लिहा. परत आल्यावर त्या वहीतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ऑफिसात कुठेतरी लिहिलेलं असेल, अशी सोय करा. मग सहा महिन्यांनी पुन्हा जा.

याच काळात धंद्याच्या नावाने वेगळा मोबाइल नंबर घ्या आणि पाटी, कार्ड, प्रॉपर्टी पोर्टलवरच्या जाहिराती, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, गुगलवरची नोंद सगळीकडे तोच द्या. गुगलच्या नोंदीची मालकी अनेकदा ज्या मुलाने ती बनवली त्याच्या ईमेलवर असते. तो सोडून गेलेला असतो. ती आधी आपल्याकडे घ्या. ऑफिसचं नाव खरंच ओळखीचं झालं असेल, तर ट्रेडमार्कचा अर्ज करून ठेवा.

जी व्यक्ती मालकांना नावाने ओळखते, तिचा पगार आणि पद लेखी करा. आमच्याकडची मुलगी 9 वर्षं होती आणि तिच्याकडे नेमणुकीचं पत्रसुद्धा नव्हतं. तिच्या कष्टांवर आमचा धंदा उभा होता, ते पत्र मी तिला आधीच द्यायला हवं होतं.

महारेरा आणि बाकीचे कागद

महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) एजंट नोंदणी ज्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावे आहे तिचीच असते, दुकानाबरोबर ती देता येत नाही. नोंदणी 5 वर्षांसाठी मिळते. फी व्यक्तीसाठी 10 हजार, संस्थेसाठी 1 लाख. 1 जानेवारी 2024 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं. म्हणून तुमची मालकी एकट्याची असेल, तर घेणाऱ्याने स्वतःची नोंदणी आधी करून घ्यावी, मगच ताबा घ्यावा. नाहीतर मधल्या काळात नव्या प्रकल्पांचं कामच करता येणार नाही. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी असेल, तर संस्था तीच राहते आणि फक्त भागीदार किंवा संचालक बदलतात, त्यामुळे हा भाग सोपा होतो. भाड्याच्या कामाला ही नोंदणी लागत नाही, पण नवीन प्रकल्पांचं काम करणाऱ्या ऑफिसाला ती हवीच.

शॉप अ‍ॅक्ट, व्यवसाय कर, जीएसटी या सगळ्यांवरचा पत्ता एकच आहे ना, ते बघा. दुकान भाड्याचं असेल, तर गाळामालकाला आधी भेटा.

किंमत, हप्ते आणि कर

पूर्ण रक्कम एकदम मिळेल, अशी आशा धरू नका. आमच्या व्यवहारात निम्मी रक्कम ताब्याच्या दिवशी आणि निम्मी दोन वर्षांत, यादीतले मालक टिकतील त्या प्रमाणात, असं ठरलं. हे मला रास्त वाटलं. मात्र मालक "टिकला" म्हणजे काय, हे करारात लिहा. फ्लॅटच विकला गेला, तर तो तुमच्या खात्यातून वजा व्हायला नको. टोकन झालं पण खरेदीखत बाकी आहे, अशा व्यवहारांची ब्रोकरेज कुणाची, बिल्डरकडे अडकलेलं कमिशन कुणाचं, हेही नावानिशी लिहा. भांडणं इथेच होतात.

घेणारा तुम्हाला पुन्हा हाच धंदा न करण्याची अट घालेल. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 अशी बंधनं सहसा मानत नाही, पण गुडविल (धंद्याचं नाव आणि कमावलेली ओळख) विकणाऱ्याबाबत अपवाद आहे. ठरावीक हद्दीत, वाजवी असेल तर ती अट चालते. म्हणून "पूर्ण पुणे" असं लिहू देऊ नका. आम्ही कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे एवढीच हद्द लिहिली.

कराचं सीएला बयाणा घेण्याआधी विचारा, नंतर नाही. चालू धंदा जसाच्या तसा, सगळ्या देण्याघेण्यासह दिला, तर त्या हस्तांतरावर जीएसटी लागत नाही. सुटी सुटी मालमत्ता विकली तर लागू शकतो. प्रत्येक मालमत्तेची वेगळी किंमत न लावता एकाच किमतीला विकलेला धंदा 36 महिन्यांहून जास्त जुना असेल, तर नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो आणि सध्या दर 12.5 टक्के आहे. आपल्या धंद्यात यंत्रं नाहीत, माल नाही, त्यामुळे पुस्तकी मूल्य नगण्य असतं आणि जवळजवळ सगळी किंमत नफ्यातच जाते. हे लक्षात ठेवूनच आकडा सांगा.

कुणाला कधी सांगायचं

घेणाऱ्याला रजिस्टर दाखवा, पण गोपनीयतेच्या कागदावर सही होईपर्यंत मालकांची नावं आणि फोन झाकून. लोकांनी ही माहिती आपल्याला घर दाखवण्यासाठी दिली आहे, विकण्यासाठी नाही. विक्रीच्या करारावर सही झाल्यावर आधी स्टाफला सांगा, मग मालकांना. जुन्या मालकांना मेसेज पाठवून भागत नाही. नव्या माणसाला सोबत घेऊन चहाला जा. आम्ही अशा 40 भेटी केल्या. परदेशातल्यांना त्यांच्या सकाळच्या वेळेला व्हिडिओ कॉल केले.

ताब्यासाठी जून-जुलै टाळा. कॉलेजं सुरू होतात, बदल्या झालेल्या असतात, श्वास घ्यायला वेळ नसतो. आम्ही पितृपक्षाचा पंधरवडा धरला. टोकन फारशी येत नाहीत, त्यामुळे किल्ल्या मोजायला आणि सह्या करायला निवांतपणा मिळाला. त्यानंतर तीन महिने रोज 11 ते 1 मी ऑफिसात बसत होते. तुम्हीही बसा, पण फोन वाजला की उचलू नका. नव्या माणसाला उचलू द्या, आणि पलीकडून "वहिनींना द्या" असं म्हटलं तरच रिसीव्हर हातात घ्या.