व्हिक्टोरियन म्युझियममध्ये खून घडवताय? मग या चुका टाळा

म्युझियममधली मर्डर मिस्ट्री लिहायला घेतली की पहिल्या पानावर हमखास काय येतं, तर लंडनची रात्र, ब्रिटिश म्युझियममध्ये गॅसचे दिवे फडफडतायत आणि ममीच्या पेटीशी क्युरेटर मरून पडलाय. वाचायला भारी, पण इथेच घोळ. आगीच्या धास्तीने तिथल्या गॅलऱ्यांत गॅस घेतलाच नव्हता, अंधार पडायच्या आत सगळं बंद, 1879 मध्ये वीज येईपर्यंत दाट धुक्यात रीडिंग रूमसुद्धा बंद करायचे, आणि गॅलऱ्यांत वीज आली 1890 ला. गॅसच हवा असेल तर साउथ केन्सिंग्टन म्युझियम घ्या, ते 1857 पासून संध्याकाळी गॅसच्या उजेडात उघडं असायचं (आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हेच, पण ते नाव 1899 चं). नाहीतर अंधारच कामाला लावा की, धुकं दाटलं, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि दाराशी जमा केलेली एक छत्री न्यायला कोणी आलंच नाही!

नॅचरल हिस्ट्री म्युझियम 1881 ला उघडलं पण तो फेमस डिप्लोडोकस डायनासोर आला 1905 मध्ये, म्हणजे राणी व्हिक्टोरिया जाऊन चार वर्षं झाल्यावर. त्याच्या सांगाड्याखाली बॉडी टाकू नका.

काचेवरचे बोटांचे ठसेही नको. स्कॉटलंड यार्डचा ठशांचा विभाग 1901 चा, कलकत्त्यात मात्र तो 1897 लाच सुरू झाला होता, त्यामुळे फारच हौस असेल तर शेवटच्या दोनतीन वर्षांतली गोष्ट घ्या आणि बंगाल पोलिसातला एखादा साहेब सुट्टीवर आणा.

आता विष. केमिस्टकडून गुपचूप आर्सेनिक आणलं असं लिहाल तर 1851 च्या कायद्याने रजिस्टरमध्ये सही लागायची, शिवाय थोडंसं घेतलं तर त्यात काजळी किंवा नीळ मिसळून द्यायचे, म्हणजे पांढऱ्या साखरेत खपणार नाही. पण पेंढा भरलेले पक्षी कीड लागू नये म्हणून आर्सेनिकच्या साबणानेच तर टिकवायचे, मग दुकानात जायचंच कशाला? आणि हो, "डॉक्टरला कळलंच नाही" हेही चालणार नाही, आर्सेनिक ओळखणारी मार्शची टेस्ट 1836 पासून होती. कळू दे की, विष कुठलं ते कळलं तरी तो साबण ठेवलेल्या खोलीची किल्ली अर्ध्या स्टाफकडे असेल तर कोड्यात मजा आहेच.

शेवटी सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा करायची काही गरज नाही, कारण कोरोनरची (संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी तेव्हा बऱ्याचदा पबमध्येच भरायची आणि ज्युरीला बॉडी बघावी लागायची, सगळे आयतेच एका छताखाली, समोर बिअर.