लाल मोजे

बालरोग वॉर्डातली माझी पहिलीच नाइट ड्युटी. तीन वर्षांचा मुलगा भाजून आला. आई म्हणाली, ‘गरम पाण्याची बादली सांडली.’ ड्रेसिंगला घेतला तर दोन्ही पाय घोट्यापर्यंत सारखेच भाजलेले, वर सरळ रेघ, जणू लाल मोजे घातलेत. पाणी सांडलं की ओघळ येतात, शिंतोडे उडतात. इथे एकही नव्हता, म्हणजे पाय गरम पाण्यात बुडवून धरले असावेत. पोर रडतही नव्हतं. मी केसपेपरवर ‘ड्रेसिंग केले’ एवढंच लिहिलं. डॉक्टरांनी पाहिलंच असेल, असं धरून हँडओव्हरलाही बोलले नाही. चौथ्या दिवशी तो घरी गेला. ते अजून टोचतं, म्हणून मुलावर घरी अत्याचार होत असल्याच्या खुणा कशा ओळखायच्या, हे नव्याने ड्युटीवर येणाऱ्या नर्सेससाठी लिहितेय.

डॉक्टर राउंडला येऊन जातात; कपडे बदलणं, वजन घेणं आपल्याकडे असतं. खेळत्या मुलाचे गुडघे फुटणारच. पण जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याच्या अंगावर वळ आला कुठून? चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोटापाठीवर काळंनिळं दिसलं की थांबा. आणायला उशीर का झाला, हकिगत दर वेळी बदलते का, तेही बघा. मात्र आपल्याकडे बऱ्याच बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतो. तो आठवडाभरात रंग बदलत नाही. मुका मार बदलतो.

केसपेपरवर आपला तर्क लिहू नका. डाग कुठे, किती सेंटिमीटर, आई नेमकं काय म्हणाली, किती वाजता, हे लिहा. मुलाला ‘बाबांनी मारलं का?’ असं विचारू नका. ‘काय झालं रे?’ पुरे. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. नातेवाइकांना जाब विचारू नका, मूल उचलून निघून जातात. इनचार्ज सिस्टर आणि ड्युटी डॉक्टरांना लगेच सांगा, एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) करायला लावा.

लैंगिक अत्याचार कळला किंवा होण्याची भीती वाटली, तरी पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एफआयआर नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. मारहाण, उपासमार असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. पुढे बाल कल्याण समिती पाहते.

काही वर्षांनी कानामागे काळंनिळं झालेली पाच वर्षांची मुलगी आली. या वेळी मी रात्रीच सांगितलं. चार दिवस ती माझ्याकडून फक्त बिस्किट घ्यायची, बोलायची नाही. पाचव्या दिवशी सरकून तिने पलंगावर मला जागा केली.