केमिकल गोदामाची तपासणी: कोकणातल्या एमआयडीसीत नव्याने लागलेल्यांसाठी

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, तळोजा. बीएस्सी किंवा सेफ्टीचा डिप्लोमा करून इथे रुजू झालं की रॉ मटेरियलचं गोदाम लवकरच गळ्यात पडतं. गोदामामागोमाग तपासण्या येतात आणि त्या एकाच खात्याच्या नसतात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे बोलण्यातलं ‘डिश’, १९८९ च्या घातक रसायन नियमांनुसार साठा आणि आणीबाणीची तयारी बघतं. टोल्युइन, हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटना पेसोचा, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतीपत्र आणि घातक कचरा तपासतं, एमआयडीसीचं अग्निशमन खातं आगीची व्यवस्था. कोणीही आलं तरी ताडून एकच गोष्ट बघतं: कागदावरचं गोदाम आणि समोरचं गोदाम जुळतंय का.

सुरुवात साठ्यापासून होते. रजिस्टर, संगणक आणि जमिनीवरचे ड्रम हे तिन्ही आकडे एक हवेत आणि परवान्यातल्या मर्यादेच्या आत हवेत. रोजच्या मालात सहसा घोळ होत नाही. तो होतो रिजेक्ट मालात, मुदत संपलेल्या ड्रममध्ये आणि प्रॉडक्शनकडून परत आलेल्या अर्ध्या ड्रममध्ये, कारण हे सगळं कोपऱ्यात सरकवलं जातं आणि मोजणीतून सुटतं.

मर्यादा किती पटकन ओलांडली जाते बघा. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ते ‘क्लास ए’ पेट्रोलियम. टोल्युइनचा सुमारे ४ अंश. क्लास ए विनापरवाना फक्त ३० लिटरपर्यंत चालतं, म्हणजे २०० लिटरचा एकच ड्रम उतरवला तरी उल्लंघन झालं. क्लोरीनचा साठा १० टनांवर गेला की साइटची आगाऊ सूचना, ऑन-साइट आणीबाणी आराखडा आणि दर ६ महिन्यांनी मॉक ड्रिल बंधनकारक होतं. २५ टनांवर सेफ्टी रिपोर्टही लागतो. टनर, म्हणजे क्लोरीनचा मोठा सिलिंडर, साधारण ९०० किलोचा धरला तर ११ टनर मर्यादेत बसतात, बारावा बसत नाही. म्हणून परचेसवाल्यांना कमाल साठ्याचा आकडा लेखी देऊन ठेवा. भाव चांगला मिळाला म्हणून जादा गाडी मागवली, हे उत्तर कुठलाच अधिकारी ऐकून घेत नाही.

मांडणीत अ‍ॅसिडशेजारी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) नको. दोन्हींची गळती एकत्र आली की क्लोरीन सुटतो. तीव्र नायट्रिक अ‍ॅसिडचे कारबॉय लाकडी पॅलेटवर नकोत, गळतीने लाकूड पेट घेऊ शकतं. मधे भिंत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. भिंतीखालून जाणारं गटार दोन्हीकडे एकच असेल तर त्या भिंतीचा उपयोग नाही.

कोकणात खरी परीक्षा पाऊस घेतो. टाकीभोवतीच्या बंडची, म्हणजे गळती अडवणाऱ्या कट्ट्याची क्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के ठेवतात. २० हजार लिटरच्या टाकीला २२ हजार लिटरचा बंड हवा. समजा बंड ६ मीटर बाय ७ मीटर आणि ६० सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे २५,२०० लिटर. कागदावर पास. आता दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे नवलाचा नाही, तर ८,४०० लिटर पाणी साचतं आणि उरते १६,८०० लिटरची जागा. त्या रात्री टाकी फुटली तर बंड पुरणार नाही. यावर कामगार सोपा उपाय शोधतात: ड्रेन व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा. मग गळती झाली की माल थेट नाल्यात, तिथून नदीत. व्हॉल्व्ह कायम बंद आणि कुलपात हवा. प्रत्येक पाळीत पाण्याचा पीएच तपासून, वहीत नोंद करूनच पाणी सोडायचं. शंका असेल तर ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात. अधिकारी आधी व्हॉल्व्ह बघतो, मग ही वही मागतो.

शक्य असेल तर बंडवर शेड घाला.

दमट हवेत सर्वांत जपायचा माल म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, शॉपवर ज्याला नुसतं ‘हायड्रो’ म्हणतात. झाकणाची रिंग गंजली, आतली पिशवी फाटली आणि ओल शिरली की तो आपोआप तापतो, सल्फर डायऑक्साइड सोडतो आणि पेटतो. घाबरून थोडंसं पाणी मारलं तर आणखी भडकतो. ड्रम पत्र्याच्या जोडाखाली किंवा दाराजवळ ठेवू नका. पॅलेट उचलून खाली गंजाचं वर्तुळ उमटलंय का तेही बघा. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडात आणि वाशिष्ठीचं चिपळुणात शिरलं. सखल भागातल्या गोदामात पाण्याशी रिअ‍ॅक्शन होणारा माल वरच्या रॅकवरच हवा.

अर्थिंगचं रीडिंग मेमध्ये घ्या. पावसाळ्यात ओल्या मातीमुळे ते आपसूक चांगलं दिसतं आणि जानेवारीत खड्डा सुकला की बिघडतं. खाऱ्या हवेने पट्टीचे जोड खातात, फ्लँजवरचे जम्पर (पाइपच्या जोडावरून अर्थिंग पुढे नेणाऱ्या पट्ट्या) रंगाखाली सुटलेले असतात. हाताने हलवून बघा. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावा लागतो.

घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून ड्रमवर भरल्याची तारीख ठळक हवी. रिकामे ड्रम आणि लायनरही घातक कचराच. एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर पाण्याची ओढ असते आणि कामगार निळा ड्रम पाण्यासाठी मागतात. धुऊनसुद्धा देऊ नका. त्या पाण्यावर लहान मुलं वाढतात.

तपासणीच्या दिवशी अधिकारी तुम्हाला सोडून हमालाला विचारेल, “हा ड्रम फुटला तर काय करशील?” सेफ्टी डेटा शीट ऑफिसच्या कपाटात असेल तर तो गप्प राहील. मोठ्या अक्षरातलं एक पान, मराठीत आणि परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही, त्या मालाशेजारीच लावा. आयवॉश (डोळे धुण्याचा फवारा) त्याच्या हातून चालू करून घ्या. आठवडाभर बंद असेल तर आधी गंजाचं पाणी येतं.

शेरे मिळाले की प्रत्येक शेऱ्याला वेगळं उत्तर द्या: काय केलं, कधी केलं, तारखेसह फोटो. जे काम मुदतीत होणार नाही त्याची वर्क ऑर्डर जोडा आणि तोवर माल कुठे हलवला तेही लिहा.